नळाला पाणी किती वाजता येतं?

कला किंवा छायाचित्रणाची सर्वांसाठी खुली कार्यशाळा घ्यायची म्हटलं की सगळ्यात आधी पोस्टर तयार होतं. ‘वयाची, शिक्षणाची, अनुभवाची अट नाही.’ पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, आणि रविवारी सकाळी दहाला येतात ती माणसं तीच, जी रविवारी सकाळी दहाला कुठेही जाऊ शकतात. मग आयोजक हळहळतात की वस्तीतलं कुणी आलंच नाही, ‘त्यांना रस नसतो बहुतेक’. रसाचा प्रश्न फार पुढचा. त्याआधी नळाला पाणी किती वाजता येतं, हॉल कितव्या मजल्यावर आहे, स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी आहे का आणि साडीवर डाग पडला तर निघतो का, एवढ्या चार प्रश्नांत कोण येणार आणि कोण नाही हे ठरून गेलेलं असतं. म्हणून या लेखात कलेपेक्षा बादल्यांबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी वेळ. घरकामाला जाणाऱ्या बायकांची सकाळची कामं दीड-दोनला उरकतात आणि संध्याकाळची पाचच्या आसपास सुरू होतात. रविवार हा त्यांच्या सुट्टीचा वार नव्हे. त्या दिवशी कामाच्या घरी पाहुणे असतात. पिंपरी, भोसरीच्या कारखान्यांत जाणाऱ्यांची आठवड्याची सुट्टी बहुधा गुरुवारी. पण पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वारही बहुधा गुरुवारच, म्हणजे पंखा नाही आणि दिवा नाही. सगळं जुळवून पाहिलं की दुपारी दोन ते साडेचार एवढा तुकडा हाती उरतो. उन्हाच्या दृष्टीने तो वाईट नाही. फक्त पुण्यातली दुकानं तेव्हाच झोपलेली असतात, तेव्हा चिमटे विसरले तर विसरले.

पहिल्या दिवशी काय शिकवायचं? बहुतेक ठिकाणी मोबाइलने सुरुवात होते, कारण तो सगळ्यांच्या खिशात असतो. आमच्या मते ही चूक आहे. मोबाइल बाहेर निघाला की पहिल्या मिनिटात खोलीची उतरंड लागते. कुणाचा तीन भिंगांचा, कुणाचा काच तडकलेला, कुणाचा मुलाने वापरून टाकलेला, आणि कुणी तो पदराखाली तसाच धरून ठेवते. त्यात दोघंचौघं हौशी फोटोग्राफर असले तर ते आपसूक गुरुजी होतात. पहिल्या दिवसाला असं काहीतरी हवं, जे कुणीच आधी केलेलं नाही आणि ज्यात यंत्र कुणाचंच भारी नाही. सायनोटाइप त्याला चपखल बसतो. कॅमेरा लागत नाही. कागदाला दोन क्षारांचं मिश्रण फासायचं, वर पान किंवा वस्तू ठेवून उन्हात धरायचं, पाण्यात धुवायचं. जिथे सावली होती तिथे पांढरं राहतं, बाकीचं गर्द निळं होतं. जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने ही कृती १८४२ मध्ये शोधली, आणि पुढच्याच वर्षापासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी समुद्रशैवाल कागदावर ठेवून तिचे छापे काढायला घेतले. नंतर कित्येक दशकं इंजिनिअर आणि आर्किटेक्ट आपल्या नकाशांच्या निळ्या प्रती याच युक्तीने काढत होते. ही एवढी माहिती वर्गात दोन मिनिटांत सांगून संपवावी. लोक हात चालवायला आलेले असतात.

रसायनं दोन. फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरव्या रंगाचं घ्यायचं, तपकिरी नको. हिरवं प्रकाशाला जास्त चटकन दाद देतं. ते २५ ग्रॅम घेऊन पाणी घालत एकूण १०० मिली करायचं. दुसरं पोटॅशियम फेरिसायनाइड, ते १० ग्रॅम, तेही १०० मिलीपर्यंत. पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड. दोन्ही द्रावणं वेगवेगळ्या तपकिरी बाटल्यांत काही महिने टिकतात. एकत्र केली की मात्र त्याच दिवशी संपवायची. पाच मिलीच्या बिनसुईच्या दोन सिरिंज मेडिकलमधून आणायच्या आणि एकीला लाल चिकटपट्टी लावायची. एकीचं टोक दुसऱ्या बाटलीत बुडालं की ती अख्खी बाटली हळूहळू निळी पडत जाते. हे हमखास तेव्हाच होतं, जेव्हा मदतीला उत्साही मंडळी जास्त असतात. पावसाळ्यात पहिल्या बाटलीवर बुरशीची साय धरते. घाबरायचं कारण नाही, मलमलीतून गाळून घ्यावी. सायट्रेटची पूड ओल धरते, म्हणून डबा घट्ट लावून कोरड्या तांदळाच्या पिंपात ठेवला तरी चालेल असं कुणी सुचवेल. तसं करू नये. रसायन आणि धान्य एका घरात, एका फळीवरसुद्धा नको.

‘सायनाइड’ ऐकून वर्गात एक लाट येते. ती दाबून टाकू नये, खरं काय ते सांगावं. फेरिसायनाइडमध्ये सायनाइड लोखंडाशी घट्ट बांधलेलं असतं, त्यामुळे साध्या हाताळणीत ते फारसं विषारी नाही. मात्र ते तापवायचं नाही आणि तीव्र आम्लात मिसळायचं नाही, कारण तेव्हा विषारी वायू सुटू शकतो. समाजमंदिरात हा धोका पुस्तकी राहत नाही. सकाळी कुणीतरी न्हाणीघर अ‍ॅसिड टाकून घासलेलं असतं आणि दुपारी आपण तिथेच उरलेलं मिश्रण ओतायला जातो. म्हणून आल्या आल्या पहिलं काम हेच: मोरीत दोन बादल्या पाणी ओतून घ्यायचं, आणि उरलेलं मिश्रण मोरीत जाऊच द्यायचं नाही. जुन्या वर्तमानपत्रांनी ते टिपून, वाळवून कचऱ्यात टाकता येतं. पूड मोजणं आणि द्रावण बनवणं हे आदल्या दिवशी मोठ्या माणसांनी हातमोजे घालून उरकावं. मुलांच्या हाती थेट तयार कागद द्यावा, फार तर फासण्याचं काम, तेही मोजे घालून.

वीस माणसांना किती मिश्रण लागतं? वहीच्या पानाएवढ्या, म्हणजे ए-फाइव्ह कागदाला दीड मिली. प्रत्येकी तीन कागद धरले तर ९० मिली. दोन्ही द्रावणं ५०-५० मिली एकत्र केली की पुरून थोडं उरतं. यापेक्षा जास्त करून ठेवण्याचा मोह होतो, आणि जास्त असलं की लोक जास्त ओततात. जाड थर वरवर वाळतो, धुताना सगळा निळा रंग वाहून जातो आणि मागे फिक्कट ढग राहतो. मग माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

कागद हा या कामातला खरा खर्च आणि खरा दगाबाज. पातळ झेरॉक्सचा कागद पाण्यात लगदा होतो. २०० ग्रॅमच्या वरचा जलरंगाचा कागद बरा. पण काही चांगले म्हणून विकले जाणारे कागद टिकाऊपणासाठी आतून अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, घालून बनवलेले असतात, आणि अल्कली या निळ्या रंगाचा वैरी आहे. अशा कागदावर छापा सुरुवातीलाच मळकट दिसतो. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा सुती कागद हा स्थानिक पर्याय आहे. त्याचा पोत सुंदर असतो. मात्र खळ कमी असलेल्या कागदात द्रावण आत शिरतं आणि पांढरी जागा पूर्ण पांढरी होत नाही. कोणताही कागद गठ्ठ्याने घेण्याआधी एकच ताव आणून त्याच्या पट्ट्यांवर आधी करून पाहावं.

फासायला स्पंजचा ब्रश. ज्या ब्रशला लोखंडी पत्र्याची कडी असते तो नको. लोखंड द्रावणाला लागलं की कागदावर निळे ठिपके उठतात आणि ते कशानेही जात नाहीत. घमेली, लोखंडी ट्रे यांनाही याच कारणाने रजा, सगळं प्लास्टिक किंवा काच. कागद पुठ्ठ्यावर कागदी चिकटपट्टीने चारी कोपऱ्यांत बसवायचा, वरच्या कडेला सिरिंजने दीड मिलीची रेघ ओढायची, आडवं पसरायचं, लगेच उभं पसरायचं, आणि थांबायचं. सगळं अर्ध्या मिनिटात. इथे गंमत अशी की ज्यांनी चित्रकलेचे वर्ग केलेले असतात ते थांबत नाहीत. ते घोटत राहतात, कागदाचे तंतू वर येतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. ज्या बाईने आयुष्यभर भाकरीच्या पिठाच्या हाताने तवा पुसला आहे तिचा हात बरोबर एकदा आडवा, एकदा उभा फिरतो आणि उचलला जातो.

खोली पूर्ण अंधारी करावी लागत नाही. खिडक्यांना वर्तमानपत्राचे दोन थर आणि आत एक मंद पिवळा दिवा पुरतो. फासलेला कागद पिवळसर हिरवा दिसायला हवा. उन्हात जाण्याआधीच तो निळसर झाला असेल तर समजावं की कुठून तरी ऊन शिरलंय किंवा मिश्रण शिळं आहे. पंख्याखाली वाळायला वीस ते तीस मिनिटं लागतात, जुलै-ऑगस्टमध्ये तासभर. अर्धवट ओला कागद काचेखाली घातला तर पान त्याला चिकटतं, सोलताना थर निघतो.

हा वाळण्याचा अर्धा तास कार्यशाळेत सगळ्यात धोक्याचा. चहा येतो, ओळखीची माणसं ओळखीच्यांकडे सरकतात आणि खोलीचे दोन कोपरे होतात. एका कोपऱ्यात सोसायटी, दुसऱ्यात वस्ती. पण खोली आधीच अंधारी केलेली असते, तिचाच कॅमेरा करता येतो. वाळते कागद कपाटात किंवा उलट्या खोक्याखाली सरकवून द्यायचे. रस्त्याकडे तोंड असलेल्या एका खिडकीवरची वर्तमानपत्रं काळ्या प्लास्टिकने पक्की झाकायची आणि त्यात करंगळी जाईल एवढं, साधारण एक सेंटिमीटरचं भोक पाडायचं. पिवळा दिवा बंद करायचा. भोकापासून सव्वा-दीड मीटरवर दोघांनी पांढरी चादर ताणून धरायची. पहिल्या मिनिटाला काहीच दिसत नाही, ‘कुठंय?’ अशी कुजबुज होते. डोळे अंधाराला सरावायला पाच-सात मिनिटं लागतात. मग चादरीवर रस्ता दिसू लागतो, उलटा: वर डांबर, खाली आभाळ, आणि छताला पाय लावून पळणारी रिक्षा. खिडकी उत्तरेकडची असेल तर फार चांगलं, कारण वर्षातल्या बहुतेक दुपारी ऊन दक्षिणेकडून येतं आणि खिडकीबाहेर समोर दिसणाऱ्या भिंतींवर थेट पडतं. भोक मोठं केलं तर चित्र उजळतं आणि पुसट होतं, लहान केलं तर रेखीव होतं आणि मंदावतं. हे सांगू नये. पुठ्ठ्याचे दोन-तीन तुकडे वेगवेगळ्या भोकांचे करून लोकांच्या हातात द्यावेत. भिंग, छिद्र, उजेड यांचं जे गणित पुढे मोबाइलवर लागणार आहे ते इथे कळून जातं, एक इंग्रजी शब्द न उच्चारता.

आता ऊन. फोटोफ्रेमच्या तीन मिलिमीटरच्या काचा, मागे हार्डबोर्ड, चार बाजूंनी चार काळे चिमटे. काचेच्या कडा घासून घ्याव्यात किंवा पट्टीने मढवाव्यात. वीस माणसांना दहाच काचा ठेवायच्या, हे मुद्दाम. एकाने दाबून धरायचं, दुसऱ्याने चिमटा लावायचा. एकाचा कागद उन्हात असताना दुसऱ्याने घड्याळ पाहायचं, मग उलट. ओळख करून देण्याचा कार्यक्रम यानंतर घ्यावा लागत नाही. घ्यायचाच असेल तर ‘तुम्ही काय करता?’ हा प्रश्न वगळावा. त्याच्या उत्तरात माणसं लगेच आपापल्या पायरीवर जाऊन बसतात. त्याऐवजी, छापण्यासाठी पिशवीतून काय आणलंय ते विचारावं.

लोक काय काय आणतात त्यावर एक स्वतंत्र लेख होईल. पानं आदल्या दिवशी वर्तमानपत्रात दाबून आणावीत. ताजं पान उन्हात काचेखाली घाम सोडतं आणि कागदावर ओले डाग पडतात. शेवगा, कढीपत्ता, आपटा, गुलमोहर चांगले उठतात. वडाचं जाड पान म्हणजे नुसता पांढरा ठोकळा. क्रोशाचा रुमाल उत्तम. काचेच्या बांगड्या तर फारच, कारण त्यांतून थोडं ऊन आरपार जातं आणि कडेला निळ्याच्या दोन-तीन छटा येतात. चाळणी, फणी, चष्मा, जुनी एक्स-रे फिल्म. रांगोळीही. ती थेट कागदावर घालायची नाही, धूळ अडकते आणि काच नीट बसत नाही. काच बंद करून वरून घालायची. कडक उन्हात सूर्यकिरण इतके सरळ येतात की तीन मिलिमीटर वरून पडलेली रेघसुद्धा खाली तशीच रेखीव उमटते. ढगाळ दिवशी मात्र उजेड चारी बाजूंनी येतो आणि रांगोळीची धुरकट साय होते. ही रांगोळी घालायची वेळ आली की शिकवणाऱ्याने बाजूला व्हावं. चिमटीतून रेघ सोडण्याची कला ज्यांच्या बोटांत आहे त्या एरवी कार्यशाळेत मागच्या रांगेत बसतात.

किती वेळ उन्हात? नेमका आकडा कुणी मागितला तरी देऊ नये, पट्टी करून दाखवावी. फासलेल्या एका पट्टीवर पुठ्ठा ठेवून दर दोन मिनिटांनी तो थोडा सरकवायचा आणि धुवून पाहायचं. अंदाज म्हणून, एप्रिल-मेच्या दुपारी चार-पाच मिनिटं, डिसेंबरात दहा-बारा, श्रावणातल्या ढगाळ दिवशी अर्धा तास. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो. डिसेंबरअखेर तो दुपारीसुद्धा ४८ अंशांच्या वर चढत नाही, तिथेच वेळ दुप्पट होतो. कागद स्वतः सांगतो. पिवळट हिरव्याचा निळा होतो, निळ्याचा राखाडी, आणि राखाडीवर जस्तासारखी मळकी झाक आली की झालं. ‘जळला वाटतं’ म्हणून बहुतेक जण आधीच आत पळतात. त्यांचा छापा धुतल्यावर आभाळी आणि अशक्त येतो. पहिला कागद प्रत्येकाने वाया घालवायचा, असं आधीच सांगून ठेवलं की कुणाचं तोंड उतरत नाही.

आणि पाणी. तीन टब, प्रत्येकी दहा लिटर, पहिल्यातलं पाणी दोन-तीनदा बदलायचं. म्हणजे वीस माणसांना पन्नास-साठ लिटर. वस्तीत हे पाणी म्हणजे कुणाच्या तरी घरची एका दिवसाची साठवण असते. तिथल्या नळाला पाणी सकाळी येऊन गेलेलं असेल तर दुपारी आपण कुणाच्या पिंपात मग बुडवणार? म्हणून नळाची वेळ आधी विचारायची आणि सकाळीच आपली पिंपं भरून ठेवायची. धरणाचं पाणी सहसा त्रास देत नाही. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी अल्कधर्मी असतं, त्यात निळा रंग डोळ्यांदेखत उतरतो. उपाय सोपा आहे: पहिल्या टबात दोन-तीन चमचे व्हिनेगर किंवा चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड. कागदातली पिवळी झाक पूर्ण जाईपर्यंत पाच ते दहा मिनिटं धुवायचं. पिवळं राहिलं तर पांढऱ्या जागा नंतर उजेडात निळ्या पडत जातात. शेवटच्या टबात मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड, पाच लिटरला पन्नास मिली. जो गडदपणा हवेत एका दिवसाने येतो तो यात क्षणात येतो, कागद बुडताच निळा धावत भरतो. एरवी गप्प असलेली माणसं इथे मोठ्याने ‘अगं बाई’ म्हणतात. वैज्ञानिकदृष्ट्या हा टब ऐच्छिक आहे. आम्ही तो कधीच वगळत नाही.

साडीवरच्या डागाचं उत्तर आता देता येईल. द्रावणाचा थेंब पडला तेव्हा तो फिक्का पिवळट असतो, लक्षातही येत नाही. बाहेर उन्हात गेल्यावर तो निळा होतो. बाई घरी जाऊन साबण लावते, आणि साबण पडला अल्कली. निळा जातो, जागी गंजासारखा पिवळा डाग राहतो, तो कायमचा. हे एकदा घडलं की त्या गल्लीतून पुढच्या वेळी कुणी येत नाही, कारण ती साडी कदाचित चांगल्यातली होती आणि बाहेर जायचं म्हणून नेसलेली होती. थेंब पडल्या पडल्या, उन्हात जाण्याआधी, नुसत्या पाण्याने भरपूर धुवायचं. त्याहून बरं म्हणजे मापाने मोठे जुने पुरुषी शर्ट पंधरा-वीस जमवून ठेवायचे आणि उलटे, पाठीमागे बटणं येतील असे घालायला द्यायचे. प्लास्टिकच्या एप्रनमध्ये मे महिन्यात माणूस शिजतो.

बसण्याबद्दल थोडं. सगळ्यांना जमिनीवर बसवणं आपल्याला घरगुती वाटतं, पण साठीतल्या गुडघ्यांना नाही. सगळ्यांना खुर्च्या दिल्या तर ज्यांना खुर्चीत अवघडल्यासारखं होतं त्या कडेला टेकतात. दोन्ही ठेवावं आणि कुणाला काही सुचवू नये. चाकाच्या खुर्चीसाठी टेबलाखाली सत्तर सेंटिमीटर मोकळी उंची लागते. खाली आडवी पट्टी असलेली शाळेची टेबलं कामाची नाहीत. ऐकू न येणारे सहभागी असतील तर पिवळा दिवा शिकवणाऱ्याच्या तोंडावर आणि हातांवर हवा, आणि पाठ वळवून बोलायचं नाही. आधी करून दाखवायचं, मग बोलायचं. दोन्ही एकदम नाही. दिसत नसलेल्यांसाठी प्रत्येक कागदाचा वरचा उजवा कोपरा तिरका कापायचा. काप बोटाला लागला की फासलेली बाजू वर आहे हे कळतं. पूर्वी फिल्मच्या सुट्या तावांना अंधारात ओळखण्यासाठी अशाच खाचा असत. वस्तूंची मांडणी हे काम तर स्पर्शाचंच आहे, आणि ऊन आहे की ढग आला हे तळहाताला कळतं. हा कोपरा सगळ्यांच्याच कागदांना कापावा. अंधारात डोळसांनाही बाजू ओळखता येत नाही.

हजेरीचा कागद फिरवणं हा एक वेगळा त्रास. देणगीदाराला सह्या हव्या असतात, बॅनरसमोरचा फोटो हवा असतो. नातवंडांसमोर शाईच्या पॅडवर अंगठा टेकवायला लागलेली बाई त्या दिवशी पुढे काय शिकते? नावाऐवजी प्रत्येकाने आपली खूण निवडावी, मासा, तारा, पायरी, काहीही, आणि कागदाच्या मागे पेन्सिलने काढावी. वीस खुणा म्हणजे वीस माणसं, हिशेब लागतो. पायऱ्यांच्या सूचनाही लिहून लावू नयेत. न फासलेला, फासलेला, उन्हातून आलेला आणि धुतलेला असे चार कागद ओळीने भिंतीवर चिकटवले की मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू, सगळ्यांचं भागतं. बॅनरबद्दल आमचं धोरण सरळ आहे. पहिल्या दिवशी बाहेरच्या कुणाचा कॅमेरा आत येणार नाही; अहवालाला कागदांचे आणि हातांचे फोटो मिळतील.

दुसऱ्या दिवशी मोबाइल काढावा. आता त्याची उतरंड बरीच ढिली झालेली असते. पहिली क्रिया भिंग पुसण्याची, मऊ सुती कापडाने. स्वस्त मोबाइलचे फोटो वाईट येतात याचं निम्मं कारण भिंगावरचा तेलकट थर असतो. चेहरा गुळगुळीत करणारी सोय बंद करायची. बोटांनी झूम करायचं नाही, दोन पावलं पुढे जायचं. चेहऱ्यावर बोट टेकवायचं आणि शेजारी येणारी उजेडाची पट्टी खाली ओढायची, सावळ्या चेहऱ्याचा पोत लगेच परत येतो. माणसाला खिडकीपासून हातभर अंतरावर, अर्धं वळवून बसवायचं. एवढं पुरे. फोटो कुणाचा काढायचा यावर मात्र जरा जास्त बोलावं लागतं. हौशी मंडळींना वस्तीत शिरताच पत्रे, नाल्या आणि उघडी पोरं दिसू लागतात. नियम असा ठेवावा: ज्याचा फोटो, निवड त्याची. काढलेल्या दहांतला कोणता ठेवायचा हे तो सांगेल, बाकीचे त्याच्यादेखत पुसायचे. लोक स्वतःचा जो फोटो निवडतात तो फोटोग्राफरला बहुधा आवडत नाही. नाही आवडला तरी तोच.

निवडलेल्या फोटोचा निळा छापा करता येतो, आणि तिथे दोन्ही दिवस जोडले जातात. मोबाइलवरच फोटो काळा-पांढरा करायचा, उलटवायचा म्हणजे काळ्याचं पांढरं, आणि आरशातल्यासारखा डावा-उजवा फिरवायचा. छपाईची बाजू कागदाला टेकली तरच रेघ रेखीव येते, म्हणून हा आरसा. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली तर ती आकसते, डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात किंवा कॉलेजांच्या आसपास झेरॉक्सवाले पारदर्शक शीटवर छापून देतात. शीट लेझर प्रिंटरसाठीची आहे ना हे विचारून घ्यायचं. इंकजेटची शीट लेझर प्रिंटरच्या उष्णतेने आत वितळते आणि दुकानदार पुन्हा दारात उभं करत नाही. लेझरचा काळा तितकासा दाट नसतो, त्यातून ऊन झिरपतं, म्हणून एकाच फोटोच्या दोन शीट तंतोतंत एकावर एक ठेवून चिकटवायच्या. काचेखाली त्या सरकल्या तर माणसाला चार डोळे येतात.

कापडावरही हेच जमतं, आणि शिवणकाम करणाऱ्या बचत गटांना कागदापेक्षा त्यात जास्त रस असतो. मांजरपाट आधी उकळून त्यातली कांजी काढून टाकावी, नाहीतर द्रावण वरच राहतं. पिशव्या, उशांचे अभ्रे चांगले होतात. विकताना गिऱ्हाइकाला सांगायचं की सोड्याची धुण्याची पावडर नको, रिठ्याच्या पाण्यात धुवा.

प्रदर्शन शक्यतो जिथे काम झालं तिथेच, गल्लीत, दोरीला चिमट्यांनी. बालगंधर्वच्या कलादालनात जरूर लावावं, पण तिथे जायला बस लागते आणि संकोच ओलांडावा लागतो, म्हणून आधी गल्ली. दोरी सव्वा मीटरवर बांधावी, म्हणजे मुलांना आणि खुर्चीतल्यांना मान वर करावी लागत नाही. दिवसभर उन्हात टांगलेले छापे संध्याकाळपर्यंत फिके पडतात आणि कुणीतरी रडकुंडीला येतं. ते अंधारात, पेटीत ठेवले की काही दिवसांत निळा रंग बराचसा परत येतो. ही या रंगाची खोडच आहे, आधी सांगून ठेवावं. घरी नेताना वर्तमानपत्रात सपाट गुंडाळून द्यावेत आणि दोन दिवस गादीखाली ठेवायला सांगावं. चुन्याने रंगवलेल्या भिंतीवर छापा थेट चिकटवू नये. पावसाळ्यात भिंत ओल धरते, चुना अल्कधर्मी, आणि गणपतीपर्यंत कागद मागून पिवळा पडत येतो. मध्ये एक पुठ्ठा घालावा, आणि तो पुठ्ठा आपणच प्रत्येकाला मापाने कापून द्यावा.